पिवळं चून

जबलपुरात कांचघरच्या आमच्या गल्लीत मटारचा हंगाम आला की तो सगळ्यांत आधी गायींना चढतो. एरवी कोबीच्या एका देठासाठी दारोदार उभ्या राहणाऱ्या गायी पौषात सालांच्या ढिगाजवळून नाक वळवून पुढे जातात. घरोघरी ढीग पडलेले, कोणाकोणाचं मन राखणार बिचाऱ्या. पाटणकडून, शहपुऱ्याकडून आलेले हातठेले सकाळी आठलाच गल्लीत शिरतात. गच्च्यांवर चटया पडतात, सुपं निघतात, आणि वर्षभर एकमेकींशी न बोलणाऱ्या बाया एकाच उन्हाच्या पट्ट्यात बसून सोलायला लागतात. या दिवसांत इथं भांडणं कमी होतात, असं मला नेहमी वाटत आलं आहे. हात गुंतलेले असले की तोंडाला जोर येत नाही.

मीही बसते. गुडघ्यांवर जुनी गोधडी, पुढ्यात सूप. पहिली शेंग अंगठ्याने दाबली की जो वास सुटतो, ओला, कच्चा, थोडासा मातीचा, तो सगळ्यांना मटारचाच येत असणार. मला त्यात पळसाचं पान जळल्याचा वास येतो. चुलीवरच्या बेसनाचा येतो. आणि एक जुनी धास्ती उठते, आता काय होईल, मला परत पाठवतील का, अशी. पन्नासेक वर्षं झाली. परत पाठवणारा राहिला नाही, मला पाठवायचं ते गावही तसं राहिलं नाही. धास्ती मात्र दर हिवाळ्यात नेमाने येते, आणि ती ओसरली की मागे कोणाचे तरी उपकार आठवत राहतात.

मी वर्धा जिल्ह्यातली, आर्वीकडची. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला नाल्यापलीकडच्या गावी जावं लागायचं. मी सहा महिने गेले. मग पाऊस, मग धाकट्या बहिणीचा गोवर, मग कापूस. "नाव लिहिता येते, पत्र वाचता येते, अजून काय कलेक्टर व्हाचं हाये काय?" असं बाबा म्हणाले, आणि त्यात राग नव्हता, म्हणून वाद घालायलाही जागा नव्हती. पाटी माळ्यावर गेली.

शाळा अर्ध्यात सुटलेल्या माणसाला शुद्ध लिहायची फार हौस असते. ज्याची शाळा पुरी झाली तो कसंही लिहितो, त्याला कोण विचारणार आहे. आमच्यासारख्यांना मात्र चिठ्ठी लिहितानाही मास्तर मागे उभे असल्यासारखं वाटतं. पुढे जे घडलं ते याच हौसेपायी.

लग्न झालं आणि नवरा जबलपूरचा निघाला. म्हणजे गाव आमच्याच तिकडचं, नोकरी इकडची. यांचे मामा, नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते तेव्हा इकडे आले होते. मग राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, नकाशावरची रेघ सरकली, मामांचं कांचघरातलं बिऱ्हाड काही सरकलं नाही. त्यांनीच यांना मोजणीच्या टोळीत चिकटवलं. हे चेनमन. जमीन मोजायची लोखंडी साखळी ओढत रानोमाळ फिरायचं, दिवाळीनंतर निघायचं ते होळीला परतायचं, मुक्काम तंबूत. लग्नाचं पहिलं वर्ष मी सासरी काढलं, आणि त्या वर्षात नवरा अकरा दिवस पाहिला. सासू वाईट नव्हती. पण परक्या घरात ज्याच्यासाठी आलो तोच नसला की आपण पाहुणेही नसतो आणि घरचेही नसतो. पाणी प्यायलासुद्धा विचारून उठावं लागतं.

दुसऱ्या वर्षी यांनी धीर करून ओव्हरसियर साहेबांना विचारलं. साहेब दूरच्या मुलखातले, सिव्हिल लाइन्समध्ये राहायचे, कमी बोलायचे. टोळीत बायका नेत नाहीत, हा नियम. पण त्या वर्षीचा स्वयंपाकी पळून गेला होता. साहेब म्हणाले, "चलो, ले आओ. नौ आदमी का खाना बनाएगी. आठवें दिन मैं आऊँगा. खाने की एक भी शिकायत मिली, तो बाई उसी गाड़ी से वापस."

वापस म्हणजे मामांच्या घरी नव्हे. तिथे एका खोलीत आधीच सात जण. वापस म्हणजे सासरी, होळीपर्यंत.

निघायच्या आदल्या दिवशी टोळीचे जमादार सामानाची यादी सांगायला मामांच्या घरी आले. हल्के दादा. पन्नाशीचे, पांढऱ्या मिशा, डोक्याला मफलर, बोलणं अस्सल इकडचं, बुंदेली. त्यांना अक्षर येत नव्हतं, यांना सहीपुरतं येत होतं. मामा कामावर. मग मामी म्हणाली, "अवो, हे आहे नं आमची सून, शिकलेली." शिकलेली हा शब्द माझ्यासाठी पहिल्यांदा कोणी तरी वापरला. मी पदराने हात पुसून पेन्सिल घेतली.

"लिखो भौजी," हल्के दादा ओट्यावर उकिडवे बसून म्हणाले; इकडे वहिनीला भौजी म्हणतात. "चून, बीस किलो."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. चून. या शहरात येऊन मला चार दिवस झाले होते. ठेलेवाल्याचं बोलणं कळत नव्हतं, शेजारणीचं कळत नव्हतं, हसायचं कुठं तेही कळत नव्हतं. आणि या परक्या मिशीतून माझ्या आईच्या चुलीवरचा शब्द निघाला होता. आमच्याकडे चून म्हणजे बेसन, आणि बेसनाचं पिठलं तेही चूनच. चून-भाकर हे आमचं रोजचं जेवण. वीस किलो जरा जास्त वाटलं खरं. पण मनात म्हटलं, इथले लोकही आपल्यासारखेच चून खाणारे दिसतात. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तशीच मान खाली घालून मी लिहिलं. आता दुकान गोहलपुरातलं, दुकानदार हिंदी वाचणारा. त्याला आपला गावंढा शब्द कशाला दाखवायचा. शुद्ध लिहावं. म्हणून मी 'चून' नाही लिहिलं. मी लिहिलं, 'बेसन, बीस किलो.'

पुढे आलू दहा किलो, चावल पाच, तेलाचा लहान डबा, गूळ, मीठ, हळद, मिरची, कांदा, अजवाईन. यांनी चिठ्ठी दुकानात दिली, पोती बांधून गाडीत पडली, आणि आम्ही निघालो.

धरणाचं पाणी पुढे कुठून न्यायचं, त्या कालव्याची रेघ आखायची होती. बैलगाडीने दिवसभर गेलो. एका ओढ्याकाठी मोहाची तीन झाडं होती, तिथे छोलदाऱ्या ठोकल्या. छोलदारी म्हणजे लहानसा तंबू, आत वाकूनच शिरायचं. पहिल्या संध्याकाळी घरून आणलेल्या पुऱ्या खाल्ल्या. पहाटे गाडी परत गेली, ती आता आठव्या दिवशी येणार. पलीकडे टेकाडावर एक टोला होता, आठ-दहा घरांची वस्ती. शेतात गहू हातभर उभा होता, म्हणजे घरातला गहू कधीच संपलेला. त्यांचं त्यांनाच कोदो-कुटकीचं भरड धान्य मोजून पुरत होतं. मटार मात्र होता, हवा तितका, आणि ताक.

सकाळी हल्के दादांनी स्वतः पोत्याचं तोंड सोडलं. आत हात घातला. हात पिवळा होऊन बाहेर आला.

तो हात त्यांनी माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, "भौजी, जो का आय?"

"चून," मी म्हटलं.

"जो चून?"

"होय नं जी. चून. बेसन."

ते खाली बसले. मांडीवर हात आपटून हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत. हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "बाई, हमाए इते चून माने गेहूँ को आटा. रोटी को आटा. जो तो बेसन आय."

माझ्या कानात ओढ्याचं पाणी वाजायला लागलं. नऊ माणसं, दिवसभर दगडधोंड्यांतून साखळी ओढणारी, आणि आठ दिवस पोळी नाही. माणूस परत पाठवायचा तर जायला एक दिवस, यायला एक दिवस. शिवाय त्याचं कारण साहेबांना सांगावं लागणार. कारण मी.

मी रडायला लागले. 'चून' असं लिहिलं असतं ना, जसंच्या तसं, अशुद्ध, गावंढं, तर गोहलपूरच्या दुकानदाराने बरोबर गव्हाचं पीठ बांधलं असतं. तो इथलाच होता. मी शुद्ध लिहायला गेले आणि बुडाले.

हल्के दादांनी पोत्याचं तोंड परत बांधलं. "रोओ मत," ते म्हणाले. "पिसो तो है, कच्चो अनाज तो नईं आओ. अब जो बने सो बनाओ. बाकी हम देख लैहें."

टोळीला त्यांनी सांगितलं की दुकानातून चूक झाली.

आता मटार सोलताना सूनबाई विचारते, आई, आज काय करू, तेव्हा मला हसू येतं. फ्रीज भरलेला असतो आणि प्रश्न पडलेला असतो. तेव्हा प्रश्न पडायला फुरसत नव्हती. बेसन, बटाटे, मटार, आणि एक दिवसाआड पुरेल इतका भात. तेलाचा डबा एवढासा, म्हणजे तळणं नाही. सकाळ, दुपारची शिदोरी, संध्याकाळ. आठ दिवस. आणि कोणाला वाटता कामा नये की आपण कालचंच खाऊन राहिलो.

पहिल्या दिवशी पातळ चून केलं भातावर घ्यायला. ते सगळ्यांना आवडलं. दुसऱ्या दिवशी घट्ट केलं, त्यात मटार घातला. सकाळी उरलेलं पातेल्यात थिजलं होतं, ते मी सुरीने कापलं, तव्यावर थेंबभर तेलात दोन्हीकडून लाल केलं. वड्या झाल्या. त्या पळसाच्या पानात बांधून दिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आईने हे मला कधी शिकवलं नव्हतं, पण ती आयुष्यभर हेच करत होती. आमच्या घरी सणावारीसुद्धा दुसरं काही नसायचं. चुनाचीच पाटोडी व्हायची. घट्ट शिजवून थाळीवर थापायची, चौकोन कापायचे, झणझणीत रश्शात सोडायचे, आणि आम्ही पोरं मटण खाल्ल्याच्या ऐटीत जेवायचो. आईने घरातली गरिबी आम्हाला एका चवीची कधी लागू दिली नाही.

आणि हेही कळलं की पदार्थ पिठापेक्षा भुकेच्या वेळेवर जास्त अवलंबून असतो. सकाळी थंडीने बोटं वळत नाहीत, तेव्हा माणसाला धरायला काहीतरी गरम पाहिजे असतं. मग चव दुय्यम. तेव्हा मी बेसन कोरडं भाजून गूळ-पाण्यात पातळ शिजवायचे आणि लोट्यांत ओतून द्यायचे. ती माणसं ते प्यायच्या आधी दोन मिनिटं नुसती हातात धरून बसायची. दुपारची भूक एकटी असते, उभ्या-उभ्याची. तिला चघळायला लागतं. संध्याकाळची भूक बोलकी. तिला रस्सा पाहिजे, भुरका मारायला आवाज पाहिजे.

सगळंच साधलं असं नाही. इकडे गक्कड-भरता म्हणजे जीव की प्राण. कणकेचे गोळे गोवऱ्यांवर भाजायचे, सोबत वांग्याचं भरीत. टोळीतला सुखलाल रोज त्याचंच नाव काढायचा. म्हणून चौथ्या दिवशी मी बेसनाचे गक्कड भाजून पाहिले. बाहेरून करपले, आतून कच्चे, आणि थंड झाल्यावर असे झाले की सुखलालने एक उचलून दगडावर वाजवून दाखवला.

"जमादार, खूँटी कम पड़ रई थीं न? जे गाड़ दो. सौ साल नईं उखड़ें."

सगळे हसले. हे हसले नाहीत. हे त्या आठ दिवसांत फार कमी बोलले. एकदाच मला म्हणाले, "मीच म्हणलो होतो साहेबाले, माही बायको रांधते म्हणून." त्यात दोष देणं नव्हतं. त्यामुळे ते जास्त लागलं.

दुसरी अडचण आपसूक आली. बेसन म्हटलं की वायू. साखळी सरळ धरायची, दुर्बिणीतून बघणाऱ्याने हात वर केला की सगळ्यांनी स्तब्ध उभं राहायचं, आणि त्या स्तब्धतेतच कोणाचं तरी पोट बोलायचं. सुखलाल म्हणायचा, "तोपें बनत हैं जबलपुर में, और चल इते रई हैं." मी लाजून चुलीत तोंड घालायचे. तेव्हापासून ओवा मुठीने घालायला लागले. यादीत अजवाईन लिहायला लावली होती हल्के दादांनी. कशासाठी, देव जाणे. ती नसती तर कालव्याची ती रेघ वाकडीच गेली असती.

पण हसणं रोज थोडं-थोडं कमी होत होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी बटाटा कुस्करून बेसनात मळला आणि त्याच्या रोट्या थापल्या. चांगल्या झाल्या होत्या. सुखलालने पहिला घास घेतला, थांबला, आणि पान बाजूला सरकवलं.

"बेसन," तो म्हणाला. नुसतं एवढंच. मग गोहलपूरच्या त्या दुकानदाराला त्याने एक शिवी दिली, मग दुसरी, मग त्याच्या आईबापाला. "अंधरा है का? लिखो भओ नईं बाँच सकत? आन दो साब खों, हम कहेंगे. पाँच दिन घोड़न को दाना खबाओ."

दुसरा कोणी म्हणाला, "हओ, कहनेई पड़े."

हल्के दादांनी खालमानेने जेवण चालू ठेवलं. त्यांनी फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं, गप्प राहा असं.

गप्प राहिले असते तर बरं झालं असतं कदाचित. पण त्या दुकानदाराला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाच दिवस तो माझ्या वाटच्या शिव्या खात होता. मी चुलीजवळून उठले. हिंदी येत नव्हती, जशी आली तशी बोलले.

"भैया, उसकी गलती नहीं है. चिठ्ठी मैंने लिखी. दादा बोले चून. हमारे गाव में चून मतलब बेसन. तो मैंने बेसन लिखा."

ओढ्यावर टिटवी ओरडली. यांनी हातातला घास पानात ठेवला. मी आधाराला चुलीचा दगड धरला. तापलेला होता, ते नंतर कळलं.

सुखलालने माझ्याकडे पाहिलं. मग पानातल्या पिवळ्या रोटीकडे पाहिलं. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "भौजी, तुमाए मायके में रोज जोई खात?"

"हओ," मी म्हटलं. इकडचा मला येणारा तो पहिला शब्द होता.

"तबई," तो म्हणाला. "तबई तुम इत्ती दूर भाग आईं."

आधी हल्के दादा हसले. मग सगळेच. हेसुद्धा. हसता-हसता मी पुन्हा रडायला लागले, आणि ते पाहून सुखलालने सरकवलेलं पान परत पुढे ओढलं आणि रोटी खाल्ली. दुसरी मागितली. ती त्याला खरंच पाहिजे होती की नाही, मला आजही ठाऊक नाही. ती त्याने मागितली, एवढं ठाऊक आहे. माणसाच्या मोठेपणाचा विचार मनात आला की मला मोठमोठी नावं आठवत नाहीत. घोड्याचा दाणा म्हणून बाजूला सारलेल्या पानावर परत वाकलेला तो माणूस आठवतो.

दुसऱ्या दिवसापासून तो आठ दिवसांचा प्रश्न माझा एकटीचा राहिला नाही. सुखलाल टोल्यावरून लोटाभर ताक मागून आला. "कढ़ी बनत तुमाए इते?" बनते म्हटलं. ताकात बेसन कालवून कढी केली, त्यात बेसनाचेच गोळे सोडले. एक जण मटारच्या साली फेकायला निघाला होता, त्याला थांबवलं, आतला पातळ पापुद्रा ओढून काढला आणि सालींची कोरडी भाजी केली, वरून बेसन पेरून. हल्के दादांनी पळसाची पानं आणून दिली, त्यांत भिजवलेलं पीठ आणि मटार बांधून निखाऱ्यात पुरले. पानांच्या शिरा पिठावर उमटल्या. हे आमचे पानगे. दादा म्हणाले, जे तो हमाए इते भी बनत, आणि त्यांनी वेगळं नाव सांगितलं. तेव्हापासून टोळीत दोन शब्द झाले. गव्हाचं ते उजरो चून, बेसन ते पीरो चून. पांढरं आणि पिवळं. शब्दाला रंग लावला की भांडण मिटतं, ही युक्ती सुखलालची.

आठव्या दिवशी दुपारी साहेबांची जीप आली. मागोमाग बैलगाडी. मी पाटोडी केली होती. शेवटचा कांदा, शेवटचं तेल, लाल रस्सा. गाडी पाहिली आणि माझी छोलदारीतली पिशवी आठवली. ती मी सकाळीच भरून ठेवली होती.

साहेबांनी रेघ पाहिली, खुंट्या पाहिल्या, मग जेवायला बसले. पानाकडे पाहिलं. "रोटी नहीं है?"

सुखलालच्या शेजारी बसलेला माणूस तोंड उघडणार होता. सुखलालने त्याच्या पानात आपली एक वडी टाकली.

हल्के दादांनी घास गिळला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "साब, हमने चून लिखाओ थो. चूनई आओ."

साहेबांना ना बुंदेली येत होती ना आमची बोली. पण या वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं. साहेबांनी एक पाटोडी खाल्ली. मग रस्सा ओरपला. नाकातून पाणी आलं. रुमाल काढला.

"कोई शिकायत?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

"है साब," सुखलाल म्हणाला. त्याने आपलं रिकामं पान उचलून धरलं. "पत्तल छोटी पड़त है."

साहेब हसले का, ते मी पाहिलं नाही. मी छोलदारीत जाऊन पिशवीतलं लुगडं परत बाहेर काढत होते.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. गाडीवाला निघायच्या घाईत होता. पुढच्या आठवड्याची यादी पाहिजे होती. साहेबांजवळ फाउंटन पेन होतं, अक्षर येणारा अख्खा साहेब समोर उभा होता. हल्के दादा त्यांच्याकडे गेले नाहीत. ते माझ्याकडे आले. मफलरातून त्यांनी पेन्सिल काढली, तीच, मामींच्या ओट्यावरची. ती त्यांनी आठ दिवस जपून ठेवली होती.

"लिखो भौजी," ते म्हणाले. "तुमई लिखो."

शाळा सुटली तेव्हा माझ्या हातातून पाटी काढून घेतल्याचं मला आठवत नाही. मीच ती माळ्यावर ठेवली होती. पण ती परत हातात कोणी दिल्याचं आठवतं. मी कागद गुडघ्यावर धरला. "चून," ते म्हणाले, आणि मी मान वर करून विचारलं, "कोणतं, दादा?" तेव्हा ते हसले. पांढऱ्या मिशांखालून दात दिसले त्यांचे.

त्या टोळीबरोबर मी अकरा हिवाळे काढले. पुढे तो कालवा झाला. त्याच्या पाण्यावर आता ठेल्यांतला हा मटार पिकतो, असं हे सांगायचे. खरं-खोटं मी कधी विचारलं नाही. हल्के दादा गेले, सुखलाल गेला, हेही गेले. चौघींच्या मधोमध गच्चीवर बसून सोलताना कधी एखादी शेंग रिकामी निघते, तेव्हा उगाच वाटतं की कोणीतरी आधीच खाऊन गेलं. बहुधा सुखलाल.

परवा नात आली. कॉलेजातली. तिला मराठी सगळी कळते, बोलताना मात्र हिंदी येते तोंडात. मैत्रिणींबरोबर नर्मदेपलीकडे तीन दिवस तंबूत राहायला जायचं आहे.

"आजी, सामान कम रखना है. ऐसा कुछ बताओ कि उसी-उसी चीज़ से रोज़ अलग बन जाए."

मी सूप बाजूला ठेवलं. "कागद घे," म्हटलं. "मी सांगते, तू लिही." तिने फोन काढला. त्यावरच लिहितात आता. "आलू. मटार सोलून देते मी. गूळ. आणि चून."

तिचा अंगठा थांबला. मान वर करून तिने विचारलं, "कौन सा चून, आजी? पीला कि सफ़ेद?"

आमच्या घराबाहेर हा प्रश्न जगात कोणी विचारत नसेल. तिला तो कोणी शिकवला नाही. तिच्या कानावरच तो असा रंगासकट पडलेला. मामींच्या ओट्यावर मला तो सुचला असता तर पोत्यात पांढरं पीठ आलं असतं, नऊ माणसांनी पोटभर पोळ्या खाल्ल्या असत्या, आणि मी त्यांच्यातल्या एकालाही ओळखलं नसतं.

"पिवळं," मी म्हटलं. "अन् ओवा जास्त घे."

"काहून?" ती म्हणाली. 'का' विचारायचा एवढा एक शब्द तिने आमच्यातला घेतला.

"तुले समजेल," मी म्हटलं, आणि पुढची शेंग फोडली.